बोट ओढायला गाडी कोणती?

मिशिगन-मिनेसोटातल्या मराठी मंडळींनो, बोट बघण्याआधी वजनाची बेरीज करा. जाहिरातीतलं वजन बहुतेकदा कोरड्या बोटीचं असतं. समजा, इंजिनासह बोट २,८०० पौंड. ट्रेलर ९०० पौंड. पेट्रोल गॅलनला साधारण ६ पौंड भरतं, म्हणजे ३० गॅलनचे १८०. बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेट, बर्फाची पेटी मिळून आणखी २२० धरा. झाले ४,१०० पौंड! ३,५०० पौंड क्षमतेची क्रॉसओव्हर इथेच बाद. मी तर ५,००० च्या खालची गाडी सुचवणारच नाही.

ट्रेलरसह बोटीच्या एकूण वजनातलं साधारण १० टक्के वजन ट्रेलरच्या दांड्यातून थेट हिचवर येतं. ते फार कमी झालं की ट्रेलर हायवेवर डोलायला लागतो, आणि ते खरंच जिवावर बेततं. हे वजन गाडीच्या पेलोडमधूनही वजा होतं, म्हणून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. त्यात माणसंही बसवायची आहेत.

बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर शेवाळ असतं. बोट वर ओढताना भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात. नुसत्या फ्रंट-व्हील ड्राइव्हची तिथे दमछाक होते. फोर-व्हील ड्राइव्ह उत्तम.

ट्रेलर बोटीच्या तळाला नीट बसणारा हवा, ब्रेकसह. समुद्रात जाणार असाल तर गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचाच. चाकांची बेअरिंग तापलेली असताना ट्रेलर गार पाण्यात घातला तर ती पाणी आत ओढतात. ग्रीस दर हंगामाला तपासा, पोहोचल्यावर थोडा वेळ थांबा आणि मगच ट्रेलर पाण्यात उतरवा.