स्त्रीबीजाचे वय स्त्रीइतकेच

मुलगी जन्माला येते ती आयुष्यभराची स्त्रीबीजे सोबत घेऊनच. आईच्या उदरात सुमारे पाच महिन्यांची असताना तिच्या बीजांडकोशांत ६० ते ७० लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. जन्मसमयी ती १० ते २० लाखांवर येतात आणि वयात येईपर्यंत तीन ते चार लाख उरतात. त्यांतील जेमतेम ४०० ते ५०० पक्व होऊन बाहेर पडतात. उर्वरित विरून जातात. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू सतत नव्याने तयार होतात. स्त्रीबीजांची शिदोरी मात्र एकदाच मिळते.

स्त्रीबीजाचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर असतो. बीजांडकोशातून बाहेर पडल्यावर ते १२ ते २४ तासच फलनक्षम राहते. फलन गर्भाशयात नव्हे, तर गर्भनलिकेत होते. आईकडून येणारी २३ गुणसूत्रे तर ते पुरवतेच. शिवाय गर्भाच्या पहिल्या काही दिवसांचे पोषण आणि पेशींना ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिकाही त्याच्याकडूनच येतात.

गुणसूत्रे निम्मी करणारे विभाजन स्त्रीबीजात जन्मापूर्वीच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. त्याचा पहिला टप्पा बीज बाहेर पडण्याच्या सुमारास पुरा होतो, तर दुसरा शुक्राणूने आत प्रवेश केल्यानंतरच. म्हणजे चाळिशीतील स्त्रीचे बीज चार दशके थांबलेले असते. या काळात गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारे बंध सैल होतात आणि वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. गर्भधारणा लांबणे, गर्भपात होणे यांमागे अनेकदा हेच कारण असते. डाऊन सिंड्रोमचे प्रमाण आईच्या पंचविशीत साधारणतः सव्वा हजार जन्मांमागे एक, तर चाळिशीत सुमारे शंभरामागे एक असते.

पाळी नियमित आहे, प्रकृती ठणठणीत आहे, एवढ्यावरून स्त्रीबीजांची गुणवत्ता कळत नाही. एएमएच या रक्तचाचणीतून शिल्लक साठ्याचा अंदाज येतो; दर्जा मात्र समजत नाही. टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्रही स्त्रीबीजाचे वय कमी करू शकत नाही. तरुणपणी गोठवलेली बीजे त्या वयाची राहतात. तरीही त्यांपासून अपत्यप्राप्तीची हमी नसते.

म्हणूनच पस्तिशीच्या आतील दांपत्याने वर्षभर, तर पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास तज्ज्ञांना भेटावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. तपासणी दोघांचीही एकाच वेळी व्हावी. आपल्याकडे अनेक घरांत प्रथम सुनेच्या चाचण्या होतात, मग नवस आणि उपचार. मुलाच्या वीर्याची साधी तपासणी शेवटी होते. वंध्यत्वात पुरुषाकडील कारणांचा वाटाही मोठा असतो. त्या विलंबाची किंमत मात्र ज्याचा साठा दर महिन्याला घटतो, त्या स्त्रीबीजालाच मोजावी लागते.