नाशिकचा रथोत्सव: मित्रांसोबत जाण्याआधी या गोष्टी माहीत असू द्या

चैत्रातल्या एका संध्याकाळी नाशिककरांच्या स्टेटसवर एकच दृश्य दिसतं. फुलांनी सजवलेला उंच रथ, दोराला लागलेले शेकडो हात आणि रामनामाचा गजर. हा काळाराम मंदिराचा रथोत्सव. तुम्हीही यंदा ग्रुप करून गंगेवर जाणार असाल (नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात), तर समोर काय चाललंय ते आधी समजून घ्या. रील आपोआप चांगली होईल.

रथ नेमका कधी निघतो?

अनेकांना वाटतं रथ रामनवमीला निघतो. पण नाशिकचा रथ निघतो त्यानंतर दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला.

इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. २०२५ साली ही एकादशी ८ एप्रिलला होती, २०२६ मध्ये २९ मार्चला. कारण चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. अधिक महिना आला की ते पुन्हा पुढे जातात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे २०२७ चा रथ एप्रिलच्या मध्यावर, चांगल्याच उन्हाळ्यात येईल.

रथ दोन का दिसतात?

पुढे असतो तो गरुडरथ, मागे रामरथ. रामरथात रामाच्या उत्सवमूर्ती असतात. दोन्ही रथ सांभाळतात ते तालमीतले गडी. रामरथाची धुरा रास्ते आखाडा तालीम संघाकडे, तर गरुडरथाची अहिल्याराम व्यायामशाळेकडे असते. जुन्या पंचवटीतले रस्ते अरुंद, वळणं अवघड आणि नदीकडे उतार. एवढा जड रथ नुसत्या गर्दीच्या जोरावर आवरत नाही. कुठे ओढायचं आणि कुठे धरून ठेवायचं, हे ठरवणारी सवयीची माणसं लागतात.

रामरथापुढे एक व्यक्ती रथाकडे तोंड करून उलट्या पावली चालताना दिसेल. ते उत्सवाचे मानकरी. देवाकडे पाठ करायची नाही, म्हणून सगळं अंतर ते मागे मागे चालत जातात.

आणखी एक गंमत म्हणजे रामरथ नदी ओलांडत नाही. तो पंचवटीच्या बाजूलाच थांबतो. गरुडरथ मात्र पलीकडे जाऊन मेन रोड, सराफ बाजार अशा जुन्या नाशकातून फिरून येतो. मग रात्री रामकुंडावर उत्सवमूर्तींना स्नान घातलं जातं आणि रथ मंदिराकडे परततात.

या दोरामागचा इतिहास

आज रथाचा दोर हातात धरणं आपल्याला साधी गोष्ट वाटते. पण याच दोरासाठी इथे रक्त सांडलं आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. मंदिरात जाण्याचा हक्क मागणाऱ्या हजारो दलित सत्याग्रहींसमोर मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे अशी स्थानिक मंडळी आंदोलन चालवत होती. महिनाभराने रथाचा दिवस आला, ९ एप्रिल.

त्या दिवसापुरती तडजोड ठरली होती की दोन्ही बाजूंच्या धट्ट्याकट्ट्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. बाबासाहेब निवडक कार्यकर्त्यांसह मंदिराच्या दाराशी उभे होते. पण सत्याग्रहींचा हात रथाला लागण्याआधीच त्यांच्याशी मारामारी सुरू करण्यात आली आणि ठरलेला शब्द मोडून सवर्णांनी रथ पळवला. दगडफेक झाली. सत्याग्रहींनी पाठलाग करून रथ गाठला. कद्रेकर नावाच्या तरुणाने पोलिसांचं कडं तोडलं आणि तो रक्तबंबाळ होऊन पडला. तो भंडारी समाजातला, म्हणजे त्याला स्वतःला मंदिराची बंदी नव्हती. दगडांच्या माऱ्यात बाबासाहेबांनाही किरकोळ दुखापत झाली.

सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, पण दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला आणि राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली.

म्हणून रथाचा दोर बघताना एवढं लक्षात ठेवा, की हा दोर कोणी धरायचा हा प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वीही सुटलेला नव्हता.

ग्रुपने जाणार असाल तर

- गाडी पंचवटीत आणू नका. लांब लावा आणि चालत या.
- फाटाफूट होणारच. गर्दीत फोन लागेलच असं नाही, त्यामुळे भेटायची जागा आधीच ठरवा.
- रथ वळत असताना वळणाच्या आतल्या बाजूला, किंवा दोर आणि भिंत यांच्या मध्ये उभं राहू नका. ताणलेला दोर अचानक भिंतीकडे सरकतो.
- शूटिंग करायचं तर कडेच्या ओट्यावरून करा. उलट्या पावली चालणाऱ्या मानकऱ्यांच्या वाटेत येऊ नका, त्यांना मागचं दिसत नाही.
- एकादशी असल्यामुळे ग्रुपमधल्या कोणाचा उपास असेल. साबुदाणा वडा, केळी, उसाचा रस यावर संध्याकाळ मजेत निघते. पाण्याची बाटली मात्र सोबत हवीच.
- मंदिराच्या दारासमोर दोन मिनिटं थांबा. १९३० साली सत्याग्रहींना अडवलं ते इथेच. सोबतच्या मित्रांपैकी कितींना हे माहीत आहे, विचारून बघा.