इंग्रजी उपपदांविषयीचे काही गैरसमज
इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या मनात ‘ए’, ‘अ‍ॅन’ आणि ‘दि’ या उपपदांविषयी जो पहिला ग्रह दृढ होतो तो हा की, ती केवळ अलंकारादाखल घातलेली असून, आपल्या भाषेत तशी उपपदे नसल्यामुळे त्यांच्यामागील विचारही आपणांस परका आहे. या ग्रहाचा पूर्वार्ध चुकीचा आणि उत्तरार्ध त्याहूनही चुकीचा. मराठीत उपपदे नाहीत हे खरे. संस्कृत, लॅटिन आणि रशियन या भाषांतही ती नाहीत. परंतु उल्लेखिलेली वस्तू श्रोत्याच्या ओळखीची आहे की नाही, हा ज्या भेदासाठी उपपदांची योजना झाली, तो भेद मराठी मनुष्य दिवसभर करीत असतो. ‘मी नोकर शोधतो आहे’ म्हणणाऱ्यास कोणीही विश्वासू गडी चालतो. ‘मी नोकराला शोधतो आहे’ म्हणणाऱ्याचा मात्र ठरावीक नोकर नजरेआड झालेला असतो. आणि एका ‘ला’ प्रत्ययाने येथे जे साधले, तेच इंग्रजीस पहिल्या वाक्यात ‘ए सर्व्हंट’ व दुसऱ्यात ‘दि सर्व्हंट’ म्हणून साधावे लागते. कचेरीतील दप्तर पाहिले तर तेथेही फिर्यादीत प्रथम ‘एक इसम’ येतो आणि पुढच्याच ओळीपासून तो ‘सदरहू इसम’ किंवा ‘मजकूर इसम’ होतो.

यावरून कोणी म्हणेल की, पहिल्या उल्लेखास ‘ए’ आणि दुसऱ्यास ‘दि’, हा शाळेत पाठ करविला जाणारा नियम मग पुरेसा आहे. तो पुरेसा नाही. निर्णय होतो तो उल्लेखाच्या अनुक्रमावर नव्हे, तर श्रोत्याला काय ठाऊक आहे यावर. घरातील वडीलधारे मनुष्य ‘शट दि डोअर’ म्हणते तेव्हा दाराचा विषय आधी निघालेला नसतो, पण दार कोणते हे सर्वांना दिसत असते. सूर्य एकच, म्हणून तो नेहमीच ‘दि सन’. आणि पत्रात ‘ए वेडिंग’ असे लिहून झाल्यावर वधूचा उल्लेख प्रथमच येत असला तरी तो ‘दि ब्राइड’ असाच करावयाचा, कारण विवाह म्हटला की वधू आलीच.

‘ए’ आणि ‘अ‍ॅन’ यांची निवड पुढील अक्षर पाहून करावी, ही समजूतही तितकीच प्रचलित आहे. वस्तुतः तेथे कानाचा अधिकार चालतो, डोळ्याचा नव्हे: म्हणून ‘अ‍ॅन अवर’ पण ‘ए युनिव्हर्सिटी’, ‘अ‍ॅन एम. ए.’ पण ‘ए बी. ए.’. स्वरापूर्वी ‘न’कार मागाहून चिकटविला, असेही पुष्कळांस वाटते, इतिहास नेमका उलट आहे. ‘एक’ या अर्थाचे ‘अ‍ॅन’ हेच मूळ रूप असून व्यंजनापूर्वी त्याचा ‘न’ कालांतराने गळाला. उपपद आणि नाम यांच्या सीमेवरील हा ‘न’ इतका चंचल की, मध्ययुगीन इंग्रजीत ‘न’काराने आरंभ होणाऱ्या, पंच या अर्थाच्या शब्दाचा आद्य वर्ण ऐकणाऱ्यांनी उपपदास देऊन टाकला, आणि तोच शब्द आज क्रिकेटच्या मैदानावर ‘अंपायर’ म्हणून उभा आहे.

विशेषनामास उपपद लागत नाही, हे अर्धसत्य. पुणे, कळसूबाई, एव्हरेस्ट यांस ते लागत नाही. पण गोदावरी, अरबी समुद्र आणि हिमालय यांस ‘दि’ अवश्य लागते. पूर्वी ‘दि युक्रेन’ लिहीत. १९९१ साली तो देश स्वतंत्र झाल्यानंतर, या ‘दि’मुळे तो एखाद्या प्रांतासारखा भासतो म्हणून, ते सोडून देण्यात आले.

‘माय’, ‘धिस’ यांसारखे निर्देशक शब्द उपपदाचेच आसन घेतात, म्हणून ‘ए माय फ्रेंड’ असंभव आणि ‘ए फ्रेंड ऑफ माइन’ शुद्ध. ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’ ही इंग्रजीस अगणनीय वाटणारी नामे असल्याने त्यांना ‘ए’ वर्ज्य. मात्र सर्वांत जपावे ते ‘फ्यू’ शब्दास. ‘ए फ्यू’ म्हणजे काही, थोडेबहुत. नुसते ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ कोणीच नाही. गावातील काही कुटुंबांना पिण्याचे पाणी मिळत नाही, अशा आशयाच्या अर्जाच्या मसुद्यात तेवढा एक ‘ए’ राहून गेला, तर त्याच वाक्याचा अर्थ पाण्यावाचून फारसे कोणी नाही असा होतो, आणि अर्जदाराचा स्वतःचाच कागद त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दप्तरी दाखल होतो.