बर्नआउटचं मूळ ड्यूटी लिस्टमध्ये

‘सेवाभाव असला की थकवा जाणवत नाही’ हे वॉर्डातलं लाडकं वाक्य. वस्तुस्थिती उलटी आहे. 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने बर्नआउटवर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्यांकडे पाहून. अंगचोरांना हा त्रास सहसा होत नाही!

बर्नआउट म्हणजे डिप्रेशन, असंही अनेकांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याला आजार न म्हणता कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. पेशंट ‘बेड नंबर बारा’ झाला की सावध व्हावं. मात्र जीव नकोसा वाटू लागला तर नाव कोणतं यावर घोळ घालू नये. टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे, योगवर्ग भरवले की प्रश्न मिटतो. योग चांगलाच, पण छत्तीस तास जागलेल्या रेसिडेंटला सकाळी सातच्या प्राणायामाला बोलावणं ही थट्टा आहे. केंद्र सरकारच्या 1992 च्या निर्देशानुसार ज्युनियर रेसिडेंटचं काम साधारणपणे आठवड्याला 48 तास, सलग 12 तासांपर्यंतच असायला हवं. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने सुचवलेली कमाल मर्यादा होती 74 तास. म्हणजे बत्तीस वर्षांत अपेक्षाच सव्वीस तासांनी सैलावली. त्याच कृतिदलाच्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं.

‘आम्हीही असंच शिकलो,’ म्हणणाऱ्या सरांसाठी एक आकडा. बॉस्टनच्या अतिदक्षता विभागांतली एक तुलना 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लांबलचक पाळ्या करणाऱ्या इंटर्नच्या हातून, पाळ्या कमी केलेल्या वेळापत्रकापेक्षा 36 टक्के जास्त गंभीर चुका झाल्या.

हे फक्त डॉक्टरांचं दुखणं, असंही नाही. लखनऊच्या अलीगंजातलं सामुदायिक आरोग्य केंद्र असो की परळचं केईएम, नाइटचा भार सिस्टरही वाहतात. आशाताईंना तर ड्यूटी लिस्टच नाही. सरकारच्या लेखी त्या स्वयंसेविका. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2023 मध्ये त्या संपावर गेल्या, त्या मोबदल्यासाठी. वेळेवर हातात पडणारे पैसे हाही ताणावरचा उपाय असतो.

स्वतःच्या हातात थोडं आहेच: नाइटनंतर स्कूटर काढण्याआधी अर्धा तास डुलकी, हँडओव्हर नीट देऊन मगच निघणं, डबा न चुकवणं. आणि रजा. आयोगाच्या 2023 च्या नियमांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला 20 दिवस पगारी रजा आणि कामाच्या निकडीनुसार साप्ताहिक सुटी आहे. ती लेखी मागावी. नाकारली तर नकारही लेखीच घ्यावा.