परक्याच्या जागेंत झालेली दुखापत

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव म्हणजे प्राचीन तगर. तेरणाकांठच्या या नगराचें नांव इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतें. आज त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ, गोरोबा काकांची समाधि आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाचें वस्तुसंग्रहालय पाहण्यास लोक तेथें जातात. गांवाभोंवतीं जुन्या वस्तीचीं पांढरीचीं टेकाडें आहेत. अशा पुरातन गांवांत खचलेल्या भिंती, बुजलेलीं पेवें आणि कठडा नसलेल्या विहिरी यांना तोटा नसतो. पावसाळ्यांत एखाद्या वाड्याची भिंत ढासळते, वाटसराच्या पायावर दगड येतो, आणि चार माणसें जमून म्हणतात, ‘व्हायचें तें झालें, दैवांत होतें.’ जखमी मनुष्याच्या घरचेही मान डोलावतात. कारण वाड्याचा मालक बहुधा नात्यांतला, नाहीं तर रोजच्या रामरामाचा. पण हाड मोडलेल्या मजुराची तीन महिन्यांची मजुरी दैव भरून देत नाहीं. ती कोणी द्यावी, हा प्रश्न कायद्याचा आहे.

या विषयावर आपल्याकडे एकच असा स्वतंत्र कायदा नाहीं. इंग्लंडांत १९५७ सालीं तसा कायदा झाला. भारतांतील न्यायालयें मात्र पूर्वापार निवाड्यांच्या आधारें चालतात. त्यांतून तीन प्रश्न पुढें येतात. जागा कोणाच्या ताब्यांत होती? जखमी मनुष्य तेथें कोणत्या नात्यानें आला होता? आणि धोका ताबेदारास दिसला होता, अथवा दिसावयास हवा होता काय? पहिल्या प्रश्नांत मालकीपेक्षां ताब्याला महत्त्व आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. सात-बाऱ्यावर नांव एकाचें, वहिवाट दुसऱ्याची आणि दुरुस्तीचा मक्ता तिसऱ्याचा, अशा वेळीं दुरुस्ती ज्याच्या हातीं होती त्याजकडे न्यायालय प्रथम पाहतें.

दैवाचा विचार न्यायालयांनींही केला आहे. मध्य प्रदेशांत एका इमारतीची भिंत पावसांत कोसळून दोन मुलें दगावलीं. त्या दिवशीं २.६६ इंच पाऊस झाला होता, ही ईश्वरी करणी, असा मालकाचा बचाव होता. उच्च न्यायालयानें तो मानला नाहीं. पावसाळ्यांत एवढा पाऊस पडणें अघटित नव्हे, आणि भिंत तेवढा पाऊस सोसेल अशा स्थितींत ठेवणें हें मालकाचें काम, असें १९५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निवाड्याचें सार आहे. याच्या शेजारीं ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट ठेवून पाहावी. किल्लारीच्या भूकंपांत लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदें कोसळून हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या प्रसंगाला ईश्वरी करणी हा शब्द शोभतो. मृगाच्या पहिल्या सरींत पडलेल्या, दोन वर्षें पोट सुटलेल्या भिंतीला तो शोभत नाहीं.

दिल्लीच्या चांदणी चौकांतील घड्याळाचा मनोरा १९५१ सालीं कोसळला व खालील माणसें ठार झालीं. मनोरा नगरपालिकेचा होता. तो सुमारें ८० वर्षांचा होता आणि तशा चुन्याच्या बांधकामाचें आयुष्य ४० ते ४५ वर्षांचें, असें पुराव्यांत आलें. दोष बाहेरून दिसत नव्हता, हें म्हणणें सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं नाकारलें. रहदारीवर उभ्या असलेल्या जुन्या वास्तूची वेळोवेळीं तपासणी करणें हें ताबेदाराचें कर्तव्यच आहे, आणि अशी वास्तु आपोआप कोसळली कीं निष्काळजीपणा गृहीत धरतां येतो. वारसांना मात्र शेवटचा शब्द ऐकण्यास पंधरा वर्षें लागलीं, हेंही सांगितलें पाहिजे.

आतां दुसरा प्रश्न. दुकानांत आलेलें गिऱ्हाईक, घरीं बोलावलेला पाहुणा, कामावर आलेला गवंडी यांच्यासाठीं जागा सुरक्षित ठेवणें, निदान धोका आधीं सांगणें, ही ताबेदाराची जबाबदारी. विनापरवाना शिरलेल्याविषयीं ती पुष्कळच कमी. तरीही त्याच्यासाठीं सापळा रचतां येत नाहीं. बिहारमधील एका प्रकरणांत शेजारणीच्या शौचकूपाची भिंत आठवडाभरापूर्वी पडली होती, म्हणून ती शेजाऱ्याचें शौचकूप वापरूं लागली. तें रोखण्यासाठीं त्यानें विजेची उघडी तार लावली, आणि त्या बाईचा प्राण गेला. ती बिनपरवाना आली होती, हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं फेटाळला व शिक्षा कायम केली. रानडुकरांसाठीं शेताच्या कुंपणांत वीज सोडणारांनीं हा निवाडा एकदां तरी वाचावा.

मुलांची गोष्ट याहून निराळी. चिखल तुडवितांना गोरोबांचें तान्हें मूल पायांखालीं गेलें, ही कथा मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहे. तींतील भक्तीचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी मूल चिखलाकडे नि पाण्याकडे रांगत जाणारच, ही गोष्ट उरते, आणि कायदाही ती धरून चालतो. ग्लासगो शहराच्या बागेंत विषारी फळें खाऊन सात वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हां तेथील नगरपालिकेवर जबाबदारी येऊं शकते असें ठरलें. आपल्या दुष्काळी मुलुखांत ती जागा कोरड्या कूपनलिकेनें घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं घालून दिलेल्या नियमांनुसार कूपनलिका खोदण्याच्या १५ दिवस आधीं अधिकाऱ्यांस कळवावें, खोदाईभोंवतीं कांटेरी तारेचें कुंपण घालावें, आणि निकामी भोंक माती, वाळू व दगडांनीं तळापासून वरपर्यंत भरावें. वर नुसतें पोतें टाकणाऱ्या शेतकऱ्यास ‘ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्यास फारशी जागा उरत नाहीं.

मार्ग अनेक आहेत. फौजदारी बाजूस भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १२५ खालीं बेदरकार किंवा निष्काळजी कृत्यानें झालेली दुखापत, कलम १०६ खालीं निष्काळजीपणानें झालेला मृत्यु, कलम २९० खालीं इमारत पाडतांना, दुरुस्त करतांना वा बांधतांना केलेली हयगय आणि कलम २९१ खालीं पाळीव जनावराविषयींची हयगय हे गुन्हे आहेत. पण फौजदारींत मुख्यतः शिक्षा होते. औषधोपचाराचा खर्च, बुडालेलें उत्पन्न, वेदना व कायमचें अपंगत्व यांची भरपाई हवी असल्यास दिवाणी दावा करावा लागतो. दुखापतीच्या दाव्यास साधारणतः तीन वर्षांची मुदत आहे. मनुष्य दगावल्यास १८५५ च्या कायद्यान्वयें पति-पत्नी, आईबाप व मुलें यांच्यासाठीं दोन वर्षांच्या आंत दावा लावावा लागतो.

पैसे देऊन गेलेल्या लॉजांत, चित्रपटगृहांत किंवा रुग्णालयांत व्यवस्थेच्या दोषामुळें इजा झाली, तर ग्राहक आयोगाची वाट सोपी पडते. तेथें वकिलावांचून तक्रार करतां येते. मुदत दोन वर्षांची. जागा सरकारची असेल, उदाहरणार्थ सरकारी संग्रहालयाचा जिना, तर दाव्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस लागते. नगरपालिका व ग्रामपंचायती यांच्या कायद्यांतही नोटिशीचीं व तोकड्या मुदतीचीं कलमें असतात. म्हणून तेथें दिरंगाई महागांत पडते. रस्त्यांतील खड्डे व उघडीं गटारें यांविषयीं मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२५ मध्यें मृताच्या वारसांस ६ लाख आणि जखमींस ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई ठरविली.

खरी अडचण पुराव्याची. पडलेली भिंत आठ दिवसांत पुन्हां बांधली जाते, दगड उचलले जातात, साक्षीदार सासरीं किंवा पुण्यास निघून जातो. म्हणून उपचार सुरू होतांच जागेचीं छायाचित्रें काढावींत, पंचनामा मागावा, डॉक्टरांच्या कागदांवर इजेचें कारण व स्थळ लिहवून घ्यावें, औषधांच्या पावत्या जपाव्यात. ‘खालीं पाहून चालावयास नको होतें काय?’ हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच. जखमीचीही कांहीं चूक निघाल्यास भरपाई तेवढ्या प्रमाणांत उतरते. साराच दावा बुडतो असें मात्र नव्हे.

शेजाऱ्याशीं कोर्टांत भांडण नको, ही भावना खोटी नाहीं. तिच्यासाठीं १९८७ च्या कायद्यान्वयें लोकन्यायालयें आहेत. तेथें मनुष्य राजीखुषीनें बसतो, न्यायालय शुल्क भरलें असल्यास तें परत मिळतें, आणि झालेला तडजोडनामा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असून त्यावर अपील नसतें. त्याच कायद्यानें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक व अपंग यांना उत्पन्न न पाहतां मोफत वकील मिळतो. त्यासाठींचा अर्ज तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीकडे करावयाचा असतो.