वेरूळ पाहायचं तर दुपार राखून ठेवा

वेरूळला सकाळी लवकर जाऊन दुपारपर्यंत परतायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. माझ्या मते तो उलटा करायला हवा. इथल्या 34 लेण्यांचा कडा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो आणि दर्शनी भाग सावलीत राहतो. दुपार कलली की तेच ऊन समोरून आत शिरतं. 10 क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यात दर्शनी गवाक्षातून येणाऱ्या उजेडात स्तूपापुढची बुद्धमूर्ती आणि छताच्या दगडी फासळ्या उठून दिसतात. कैलासाच्या, म्हणजे 16 क्रमांकाच्या, भिंतींवरचं कोरीवकामही तिरप्या उन्हातच खोल वाटतं.

उन्हाळ्यात दुपार सोसवेल का, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हिवाळा निवडावा, आणि उन्हाळ्यातच जावं लागलं तर चारनंतर कैलास गाठावा. एका दिवसात अजिंठाही उरकू, हा हट्ट मात्र सोडाच. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर, तर अजिंठा सुमारे 100, तेही वेगळ्या रस्त्याला. शिवाय कैलास वरून खाली कोरत आणलेला आहे, तेव्हा आधी बाजूच्या टेकडीवरून शिखर पाहावं, मग अंगणात उतरावं. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.