रुग्णनिरीक्षण आणि शब्दार्थनिश्चिती

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ (१८५९) या ग्रंथात रुग्णनिरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. रात्र चांगली गेली का, असे न विचारता झोप किती तास व कोणत्या वेळी लागली हे विचारावे, असा त्यांचा आग्रह आहे. कारण ‘चांगली’ या विशेषणाचा अर्थ रुग्णागणिक बदलतो. ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ‘ग्लासगो कोमा स्केल’ ही मोजपट्टी याच दिशेने जाते. ‘अर्धवट शुद्धीत’ यासारख्या संदिग्ध शब्दप्रयोगाऐवजी तीत डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांची वेगवेगळी नोंद होते. एकूण गुण ३ ते १५. गुण घसरू लागले की बिघडती अवस्था वेळीच ध्यानात येते.

तथापि यांतील ‘बोलणे’ हा घटक भाषासापेक्ष होय. परप्रांतात उपचार घेणारा रुग्ण परिचारिकेचा प्रश्न न कळल्यामुळे ‘गोंधळलेला’ ठरू शकतो. उलटपक्षी, खरा गोंधळ भाषेची अडचण समजून दुर्लक्षिला जाऊ शकतो. पहिल्या चुकीतून अनावश्यक उपचार संभवतात. दुसरी जिवावर बेतू शकते. म्हणूनच रुग्णशय्येजवळील दुभाषी हा सौजन्याचा नव्हे, तर सुरक्षिततेचा भाग ठरतो.